इमारतीबरोबर प्रशिक्षकही वाढवा
मदतनीस कुत्र्यांच्या प्रशिक्षण केंद्राचा विस्तार होणार, हे वाचून मनापासून आनंद झाला. पण नव्या इमारतीबरोबर प्रशिक्षकही वाढायला हवेत. पिल्लू साधारण वर्षभर स्वयंसेवी कुटुंबात वाढतं, मग काही महिने केंद्रात शिकतं, आणि एवढं करूनही बरीच कुत्री या कामासाठी निवडली जात नाहीत. अंध व्यक्तीने ‘पुढे चल’ म्हटलं तरी समोरून गाडी येत असेल तर कुत्रा जागचा हलत नाही. हुकूम कधी मोडायचा, हे शिकवायला मुरलेला प्रशिक्षकच लागतो. आणि हो, कुत्रा आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांची जोडी जुळवताना घाई नको! चालण्याचा वेग, स्वभाव, घरातली वर्दळ, सगळं बघावं लागतं. कुत्रा घरी गेल्यावरही केंद्राने वरचेवर चौकशी करायला हवी. त्यासाठी वेगळी माणसं नेमाच.