कोकण अलिबागपासूनच सुरू होतं असं कोणी सांगितलं?

लाँग वीकेंड जवळ आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीच चर्चा, अलिबाग की गणपतीपुळे की सरळ तारकर्ली, आणि मग माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीतून टाकलेले सेल्फी. मी दरवेळी पालघर म्हणते आणि दरवेळी कोणीतरी विचारतंच, "तिकडे काय आहे बघायला?" म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते, पुढच्या वेळी नुसती लिंक चिकटवता येईल.

मुळात मुंबई-ठाण्याच्या लोकांनी उत्तर कोकण बघितलंय ते अहमदाबाद हायवेवरून, म्हणजे बघितलेलंच नाही. हायवे सोडायचा, समुद्राच्या अंगाने वसईपासून बोर्डीपर्यंत जमेल तसं गावागावातून जायचं, रस्ते बारीक आहेत आणि काही ठिकाणी भयंकर आहेत, पण घाई नसेल तर यासारखी ड्राइव्ह नाही.

वसईचा किल्ला सगळ्यांना माहितेय, प्री-वेडिंगवाल्यांना तर जरा जास्तच. १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना मिळालेली वसई १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी घेतली, आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा पार कुठे कुठे देवळांत जाऊन पोचल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यातलीच, तिच्यावर १७२१ साल कोरलंय. पण लोक किल्ला बघतात आणि माघारी फिरतात. शेजारी नालासोपारा, ज्याचं नाव काढलं की आपल्याला फक्त लोकलची गर्दी आठवते, ते प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ मध्ये पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणून काढला, आणि अशोकाच्या आज्ञापत्राचा तुकडासुद्धा इथेच सापडला. एवढं सगळं असून आपण सोपाऱ्याला उतरतो ते कोणाच्या तरी लग्नालाच!

पुढे आगाशीला भुजिंग खा (पोह्यांवरचं भाजलेलं चिकन, नॉनव्हेज न खाणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नका), अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून बोटीने किल्ल्यात जाऊन या. मग वैतरणा नदी आडवी येते. पूर्वी हायवेपर्यंत मागे जाऊन मोठा वळसा पडायचा, आता विरारच्या मारंबळपाड्याहून खारवाडेश्रीला रोरोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, गाडीसकट पलीकडे जाता येतं, वेळा मात्र आधी बघून घ्या.

पलीकडे केळवे-माहीम, पानमळे, सुरूचं बन, आणि त्या सुरूत अर्धा वाळूत गाडला गेलेला छोटासा किल्ला जो दुर्गप्रेमी पोरांनी वाळू उपसून मोकळा केला. पण माझा सगळ्यात लाडका शिरगावचा. आकाराने एखाद्या मोठ्या वाड्याएवढा असेल, पण दरवाजा, तटबंदी, वरचे बुरूज सगळं अजून धड उभं आहे, जिन्याने तटावर गेलात की एका बाजूला कोळीवाडा आणि वाळत घातलेली मासळी, दुसरीकडे समुद्र. आणि आत एक झाड आहे, ताडासारखंच, पण वर जाऊन त्याला फाटे फुटलेत, फाट्यांना परत फाटे. दीवला गेलेल्यांनी अशी झाडं बघितली असतील. आमच्या घरातली मंडळी किल्ला सोडून त्या झाडाखालीच मान वर करून उभी होती.

तारापूरचा किल्ला आता खाजगी वाडी झालाय, विचारल्याशिवाय आत घुसू नका. १७३९ च्या जानेवारीत याच किल्ल्यावर मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले आणि चिमाजीअप्पांनी त्यांच्या आईला सांत्वनाचं पत्र लिहिलं. आपल्याला वसईचा विजय पाठ असतो, पण त्याआधी या बारक्या बारक्या किल्ल्यांवर किती माणसं गेली ते कोणी सांगत नाही. आणि तिथून जवळच देशातलं पहिलं अणुऊर्जा केंद्र, १९६९ पासून चालू.

आता खरी गंमत, चिंचणी. इथे १९५५ ला ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. तेव्हा संजाणचा (आता गुजरातेत) कारभार बघायला राष्ट्रकूटांनी नेमलेला माणूस होता ताजिक, म्हणजे अरब मुसलमान. त्याच्या कारकिर्दीत भगवतीच्या मठाला जमीन दिल्याची नोंद त्या ताम्रपटात आहे. शिवाय या माणसाने दोन ठिकाणी लोकांसाठी फुकट होडी सुरू केली आणि अन्नछत्र घातलं, भात, कालवण आणि तूप! हजार वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदात मेन्यू लिहिलाय हो. चिंचणीच्या बीचवर भजी-मिसळीच्या बोर्डांची रांग आहे, पण याबद्दल एक ओळ लिहिलेला बोर्ड मला तरी दिसला नाही. माझा राग आहे तो इथे. आपण इतिहास म्हणजे फक्त लढाई धरतो, कोण जिंकलं कोण हरलं, संपलं. या किनाऱ्यावर जे आले, राहिले, जेवले आणि इथलेच होऊन गेले त्यांचं कोणाला काही पडलेलं नाही.

पारशांचंही तेच बघा. संजाणला उतरले, नंतर संजाण पडल्यावर पवित्र अग्नी घेऊन बोर्डीजवळच्या बारोटच्या डोंगरातल्या गुहांमध्ये लपले, पुढे फिरत फिरत तो अग्नी १७४२ ला उदवाड्याला स्थिरावला, तो अजून तिथेच आहे. तिथल्या अग्निमंदिरात पारशी नसलेल्या आपल्याला जाता येत नाही, पण गावातून चालत फिरलात तरी पुरे. आणि डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्यांतून जाताना इराणी-पारशी नावांच्या पाट्या आपोआप दिसतात.

डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन २०२४ च्या ऑगस्टमध्ये झालंय, शहात्तर हजार कोटींचा प्रकल्प आहे, मच्छीमारांचा विरोध अजून आहे. बंदर हवं की नको यावर कमेंटमध्ये भांडा, माझं मत मच्छीमारांच्या बाजूने आहे हे सांगून ठेवते. पण ट्रेलरची रांग लागल्यावर हे रस्ते आजच्यासारखे राहणार नाहीत एवढं नक्की, तेव्हा जायचं तर आत्ताच.

थंडीत जा, रविवार टाळा, केळव्याला त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. आणि घोलवडला चिकू घेताना कडकच मागा, पिकलेला घेतलात तर मनोरपर्यंत डिकीत लगदा होतो.