एसीत बसून लिहिणाऱ्या ताईचं उत्तर

मूल वाचताना कुठं अडखळतं हे आमच्या डी.एड.ला (शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमाला) कुणी शिकवलंच नाही, असं मी पहिलीच्या वाचनावरच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर एका निवृत्त केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे साहेब) लिहिलंय: “ताई, एसीत बसून लिहिणं सोपं असतं. ज्याला वाचता येतं त्याला वाचायला शिकवता येतं, त्याचं शास्त्र कसलं? अमेरिकेतलं संशोधन इंग्रजीचं, मराठी जशी बोलतो तशी लिहितो. पटसंख्या, ऑनलाइन माहिती, बीएलओची (मतदारयादीची) कामं यावर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. हा शिक्षकांचा अपमान आहे. आणि शाहू महाराजांचं वर्षही चुकलंय.”

शेवटचं आधी. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम १९१७ चा, मी १९१९ लिहिलं. चूक माझी, दुरुस्त केली, आभार.

आता एसी. सर, मंगळवार पेठेत माझ्या दोन खोल्यांवर पत्रा आहे. मे महिन्यात दुपारी या, चहा देते. इथं येण्याआधी नऊ वर्षं गगनबावड्याकडच्या द्विशिक्षकी शाळेत होते. पावसाळ्यात तिथं खडू दमट होऊन फळ्यावर उमटायचा नाही. साहेब भेटीला आले की आधी शेरेबुक मागायचे. एखाद्या पोराला जवळ घेऊन चार ओळी वाचून घेतलेलं मला तरी आठवत नाही. (तुम्ही घेत असालही.)

तिथं तिसरीत एक मुलगी होती. धडे घडाघडा म्हणायची, मी खूश. एकदा मगरीच्या चित्राखालचा ‘मगर’ हा शब्द तिनं ‘सुसर’ असा वाचला. मी चित्रावर तळहात ठेवला. गप्प. मग फळ्यावर ‘किती’ लिहिलं, तर ‘इक…’ म्हणून अडकली. पहिली वेलांटी आधी दिसते आणि ऐकू येते मागाहून, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मीच. ‘सर्प’मधला रफार तर पुढच्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. मराठी जशी बोलतो तशी लिहितो म्हणता ना? ती पोर दिसेल तसंच वाचत होती!

मला स्वतःला तेव्हा उत्तम वाचता येत होतं, सर. तिचं नेमकं काय अडतंय हे कळेपर्यंत ती चौथी पास होऊन गेली. डी.एड.ला पाठ टाचण काढायला शिकवलं, फलकलेखनाला गुण होते, शैक्षणिक साहित्य म्हणून ढीगभर थर्माकोल कापला. मूल वाचताना कुठं अडखळतं ते ऐकायला एक दिवसही कुणी बसवलं नाही. लेखात एवढंच म्हटलं होतं. त्यात शिक्षकांचा अपमान तुम्हाला कुठं दिसला, देव जाणे.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथल्या नॅशनल रीडिंग पॅनेलनं (वाचनावरचं संशोधन तपासणाऱ्या समितीनं) २००० साली पाच गोष्टी सांगितल्या: शब्दातले ध्वनी ओळखणं, अक्षर आणि ध्वनीची सांगड, ओघवतं वाचन, शब्दसंपत्ती, आकलन. यातलं मराठी पोराला काय नको, ते सांगा. इंग्रजीत ती सांगड बसायला जास्त वेळ लागतो, हे खरं. त्यावर लेखात अख्खा परिच्छेद आहे, तिथवर तुम्ही पोचला नसाल. आणि २०२१ साली निपुण भारत अभियान आपल्याच सरकारनं काढलं, तिसरीपर्यंतच्या पोरांना वाचता यावं म्हणून.

बीएलओ वगैरेवर पुन्हा कधीतरी.

तुम्ही परत लिहालच. ‘ताई’ म्हणा, चालेल. फक्त त्याआधी घरातल्या दुसरी-तिसरीतल्या नातवंडाला चित्र झाकून एक पान वाचायला लावा, आणि काय झालं तेही लिहा.