आधी कागद, मग डिटेक्टर

माझ्या काकूच्या देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी, चांदीची एक वाकडी तार आहे. बोटाच्या दोन पेरांएवढी लांब, मधोमध दुमडलेली, केसाच्या आकड्यासारखी दिसते. ठोकून चपटी केली आहे आणि चपट्या भागावर फारसी अक्षरांचे अर्धेमुर्धे तुकडे उमटलेत. नखाने चाचपलं तर अक्षर बोटाला लागतं.

ही लारी. इराणातल्या लार प्रांतावरून नाव पडलेलं हे नाणं आखातापासून आपल्या बंदरांपर्यंत व्यापारात चालायचं. विजापूरच्या आदिलशाहीनेही लाऱ्या पाडल्या. वजन पाच ग्रॅमच्या आसपास.

काकाला अशा चाळीसच्या वर लाऱ्या सापडल्या होत्या. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत, घरामागच्या जमिनीच्या वरच्या तुकड्यात तो कलमांसाठी खड्डे मारत होता. पहार मडक्याला लागली. मडकं फुटलं, खापरं गडग्यापलीकडे भिरकावली गेली आणि लाऱ्या काकूच्या पदरात आल्या. आठ दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. पोलीस येतील, जमीन जाईल, भावकी वाटा मागेल, ही भीती. नवव्या दिवशी काका सोनाराकडे गेला. सोनाराने काळी चांदी म्हणून तूट धरली, मोडीत घेतल्या आणि मुशीत टाकल्या. काकूने एक आधीच काढून ठेवली होती, तेवढी वाचली.

आता कायदा सांगतो, कारण तो काकाला कुणी सांगितला नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि ती सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तारण द्यायचं. मग नोटीस निघते, दावेदारांना बोलावलं जातं. बेवारस ठरली आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश मालकाला. सरकारला ती ठेवून घ्यायची असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम द्यावी लागते. काका जमिनीचा मालकही होता आणि शोधणाराही. म्हणजे सरळ मार्गाने गेला असता आणि सरकारने लाऱ्या ठेवून घेतल्या असत्या, तर सोनाराने दिले त्याहून जास्त पैसे हातात पडले असते. लाऱ्या शाबूत राहिल्या असत्या, आणि कुठल्या मडक्यात, किती खोलीवर होत्या हेही कुणीतरी लिहून ठेवलं असतं.

हे सगळं आज लिहितोय ते गेल्या पावसाळ्यानंतर जे पाहिलं त्यामुळे.

खाडीकाठच्या एका जुन्या वस्तीच्या जागेवर पाहणी चालू होती. अभ्यासकांची छोटी तुकडी, आणि मदतीला आमच्याकडची चार-पाच हौशी पोरं आपापले मेटल डिटेक्टर घेऊन. डिटेक्टर हल्ली ऑनलाइन घरपोच येतो. पण आपल्या जांभ्याच्या जमिनीत तो चालवणं सोपं नाही. जांभ्यात लोखंड इतकं की मशीन सारखं खोटं बोलतं. जमिनीप्रमाणे ते जुळवून घ्यावं लागतं, कानाला सवय लागावी लागते. त्यात एक पोरगा तरबेज. दिवसभरात त्याने बाटल्यांची बुचं, खिळे, गुटख्याच्या चंदेरी पुड्या असं पसाभर काढलं, आणि दुपारी चारच्या सुमारास पांढरट पुटं चढलेली एक शिशाची चकती. आम्ही सगळे म्हणालो, जाळ्याचं शिसं असणार. त्याने ती पाण्याने भिजवली, अंगठ्याने हळूच पुसली आणि तिरप्या उन्हात धरली. सोंड वर केलेला हत्ती अंधुक दिसला. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली होती हे त्याला ठाऊक होतं. बाकीच्या पोरांनी ती फेकून दिली असती.

नाणं पिशवीत गेलं. पावती नाही. पुढे अहवालाचा मसुदा आला, त्यात नाण्याचा फोटो होता, पोराचं नाव नव्हतं. त्याने विचारलं तर उत्तर मिळालं, "तू फक्त मशीन फिरवलंस." त्याला पैसे नको होते. तो एवढंच म्हणाला, "सर, माझं नाव तरी लावा." नाही लावलं. त्या दिवसापासून तो कुणाबरोबर जात नाही. मोठ्या भरतीनंतर पहाटे एकटाच पुळणीवर मशीन फिरवताना दिसतो. काय सापडतं, कुणाला विकतो, मी विचारलेलं नाही. विचारायचा अधिकार आम्ही गमावला.

दुसरी बाजूही सांगतो, कारण तीही खरी आहे. त्याच पाहणीत दुसऱ्या एका पोराने आवाज आला म्हणून कुणाला न सांगता हातभर खड्डा मारला. निघाला गंजका खिळा. पण त्या खड्ड्यात मातीचे थर एकमेकांत मिसळले, आणि त्या थरातली खापरं आता कुठल्या काळाची हे सांगता येणार नाही. तुकडीतल्या अभ्यासक बाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. त्यांचा राग मला पूर्ण कळतो. नाणं काय, बाजारातही मिळेल. पण ते कुठल्या थरात, कुठल्या खापराशेजारी होतं ही माहिती एकदाच मिळते.

म्हणून माझं म्हणणं ठाम आहे. डिटेक्टर चालू करण्याआधी मराठीत एक पान कागद लिहिला गेला पाहिजे आणि अभ्यासक, डिटेक्टरवाला, जमीनमालक या तिघांच्या त्यावर सह्या झाल्या पाहिजेत. सापडेल ते कुणाचं, कुठे ठेवणार, हे त्यात हवं. रत्नागिरीतच थिबा राजवाड्यात संग्रहालय असताना आमची नाणी दूरच्या खोक्यात का पडून राहावीत, हाही प्रश्न त्यात यावा. आवाज आला की खणायचं नाही, झेंडी लावायची आणि हाक मारायची, हे हवं. वस्तूच्या पिशवीवर जागा, खोली, तारीख आणि शोधणाऱ्याचं नाव त्याच्याच हाताने लिहिलेलं हवं. वस्तू घेतली की पावती. आणि अहवालात नाव, ही मेहेरबानी म्हणून नको, अट म्हणून हवी.

इंग्लंडात हे लोक बरेच पुढे गेलेत. तिथे सापडलेल्या जुन्या धनाबद्दल १९९६ चा कायदा आहे आणि १९९७ पासून हौशी लोकांना सापडलेल्या वस्तू नोंदवायची सरकारी योजना आहे. भागाभागांत नेमलेला अधिकारी असतो, माणूस वस्तू घेऊन त्याच्याकडे जातो. नोंदी दहा लाखांच्या केव्हाच वर गेल्या. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरला एका डिटेक्टरवाल्याला शेतात सोन्याचा मोठा साठा सापडला. त्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली आणि ती त्याच्यात व शेतकऱ्यात वाटली गेली. पण उत्खननात काम करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाला तिथे बक्षीस नसतं, आणि त्यांच्यासोबत उतरणारे डिटेक्टरवाले अनेक ठिकाणी आधीच सही करून हक्क सोडतात. मला ते पटतं. शिस्तीच्या कामात एकाला पैसे आणि शेजारी घमेलं उचलणाऱ्याला काही नाही, असं झालं की काम संपलं. आमच्या पोरांनीही वाटा सोडावा. मात्र सही घेण्याआधी १८७८ च्या कायद्याने तुझा काय हक्क बनतो, हे त्यांना समजावून सांगा. माहीत नसलेला हक्क सोडायला लावणं ही फसवणूक आहे.

तिथेही सगळे सज्जन नाहीत. २०१५ मध्ये हेरफर्डशायरला दोघांनी व्हायकिंग काळातला साठा लपवून विकायला काढला. २०१९ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. सुमारे तीनशे नाणी असावीत असा अंदाज होता, तेव्हा हाती लागली ३१. त्या थोड्या नाण्यांतही दोन राजे शेजारी बसलेले दिसतात आणि त्यावरून त्यांच्या युतीबद्दल नव्याने लिहावं लागलं. उरलेल्यांवर काय होतं?

काही मित्र म्हणतात, अशाने लुटीला पाय फुटतील. संरक्षित किल्ल्यावर, लेण्यापाशी परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहावा. रायगडावर २०२१ मध्ये रीतसर उत्खननात सोन्याची बांगडी निघाली, त्यानंतर रात्री मशीन घेऊन गडावर जाऊ पाहणाऱ्यांना मला कसलीही सवलत द्यायची नाही. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणाऱ्यांसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच. पण मशीनं घराघरात येऊन पोचलीत. ती चालवणाऱ्या पोरांना आपण आत घ्यायचं की पहाटेच्या अंधारात सोडायचं, एवढंच ठरवायचं उरलंय.

आणि आपल्याकडे हे जमतं. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवर, कोरलेली कातळशिल्पं बघा. सडे पायी तुडवून, गुराख्यांना विचारून, हौशी माणसांनी ती शोधली, अभ्यासकांना जागेवर नेलं, आणि २०२२ मध्ये कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तिथे खिशात घालून नेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून विश्वास लवकर बसला असेल. धातू आला की माणसं सावध होतात. तिथे कागद लागतो.

मी एका पानाचा मसुदा लिहिला आहे. वकील मित्राला दाखवलाय. पुढच्या पाहणीच्या आधी त्या पोराच्या घरी जाणार आहे, त्याच्याकडून तो दुरुस्त करून घ्यायला.

आणि काकूशी बोललो. म्हटलं, काकू, ही लारी आता घरात ठेवायची नाही, आपण जिल्हाधिकारी कचेरीत लेखी कळवूया. इतक्या वर्षांनी दोन प्रश्न विचारतील, पण मी बरोबर येतो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग करंडा पुसून ठेवत तिने विचारलं, "अर्जात सापडली कुणाला म्हणून लिहशील?"

काकाला जाऊन अकरा वर्षं झाली. म्हटलं, काकाचंच नाव लिहीन.

"मग चल," म्हणाली. "सोमवारी कचेरी उघडी असते ना?"