नॉर्मल रिपोर्ट म्हणजे रक्तवाहिन्यांची हमी नव्हे

‘गरोदरपणातली शुगर बाळंतपणानंतर आपोआप जाते. तिने रक्तवाहिन्यांना इजा केली का, ते एका रक्ततपासणीत कळतं. ती नॉर्मल आली की निर्धास्त राहा. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) चांगलं असेल तर ग्लुकोजचं पाणी पिण्याचीही गरज नाही.’ हा मेसेज गरोदर बायकांच्या ग्रुपवर फिरतोय आणि तो वाचून मला खरंच काळजी वाटते.

आधी ती ‘एक तपासणी’. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला त्रास झाला की आयकॅम-१, व्हीकॅम-१, ई-सिलेक्टिन, व्हॉन विलेब्रांड फॅक्टर अशी प्रथिनं रक्तात वाढू शकतात. मधुमेह असलेल्या गरोदर बायकांमध्ये काही अभ्यासांत तसं दिसलंही आहे. पण ती गटाची सरासरी. एकटीच्या रिपोर्टवर बोट ठेवून ‘इजा आहे’ किंवा ‘नाही’ म्हणावं, अशी सर्वमान्य सीमारेषाच नाही. त्यातून व्हॉन विलेब्रांड फॅक्टर तर धडधाकट गरोदर बाईतही वाढतो; बाळंतपणातला रक्तस्राव थांबावा म्हणून शरीर आधीच तयारी करत असतं. मग वाढलेला आकडा शुगरमुळे की गरोदरपणामुळे, कसं ठरवणार? एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ या वारेतून रक्तात येणाऱ्या दोन प्रथिनांचं गुणोत्तर मात्र डॉक्टर खरोखर वापरतात, तेही प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याच्या आजाराचा, संशय असताना. ते ३८ किंवा कमी आलं, तर पुढच्या आठवड्यात तो होण्याची शक्यता फार कमी. भरवसा आठवड्याचा, जन्माचा नाही.

एचबीए१सीचं म्हणाल, तर गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात, म्हणून ते कमी दिसतं. लोह कमी असेल तर उलट वाढतं. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच ७५ ग्रॅम ग्लुकोज आणि दोन तासांनी रक्त अशी तपासणी आहे. साखर १४० (मिग्रॅ/डेली) किंवा जास्त आली, तर उपचार सुरू.

वार सुटली की बहुतेकींची साखर उतरते, एवढं त्या मेसेजमधलं खरं. पण २०१९ मध्ये ५० लाखांहून अधिक बायकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा ज्यांना गरोदरपणात मधुमेह झाला होता त्यांना पुढे हृदयविकार-पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट निघाला. ज्यांना नंतर मधुमेह झालाच नाही, त्यांनाही दीडपट!

म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते. नेमकी तीच राहून जाते, कारण बाळंतीण माहेरी असते आणि सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. बाळाला दीड महिन्याची लस द्यायला नेता ना? त्याच दिवशी आईचंही रक्त तपासणीला द्या, आणि रक्तदाब मोजून घ्या.