कुत्र्या-मांजराला घेऊन निघण्याआधी: ‘पॉज’ कायद्याबद्दल खुलासा

‘अमेरिकेत २०१८च्या पॉज (पेट अँड विमेन सेफ्टी, म्हणजे पाळीव प्राणी व महिला सुरक्षा) कायद्यामुळे प्रत्येक निवारागृहाला घरगुती हिंसाचाराच्या पीडितेचा कुत्रा-मांजर ठेवून घ्यावाच लागतो,’ असं सांगितलं जातं. ते खरं नाही. हा कायदा अशी सोय करणाऱ्या संस्थांना अनुदान देतो, सक्ती करत नाही. पाठलाग आणि धमकीच्या केंद्रीय कायद्यात मात्र त्याने पाळीव प्राण्यांनाही संरक्षण दिलं, आणि ते फार महत्त्वाचं आहे. कारण ‘तू गेलीस तर याला मारीन’ या एका धमकीपायी कितीतरी जणी मार खात घरातच थांबतात.

म्हणून निघण्याआधी, नवऱ्याच्या हाती न लागणाऱ्या फोनवरून १-८००-७९९-७२३३ या अमेरिकेतल्या राष्ट्रीय घरगुती हिंसाचार हेल्पलाइनला विचारा: प्राण्यासकट कुठे घेतील? प्राण्याच्या लसीकरणाचे कागद आणि तुमच्या नावची त्याच्या डॉक्टरची बिलं सोबत ठेवा, मालकी दाखवायला उपयोगी पडतात.