साखर किती आली, एवढंच विचारू नका

संत्रं सोलून हात न धुता बोटाला सुई टोचली, तर मधुमेहींच्या रक्तातली साखर मोजणारा ग्लुकोमीटर बोटावरच्या रसातली साखरही मोजतो. आकडा येतो २६०, आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. आपल्या नागपुरात हंगामात घरोघरी संत्र्यांची टोपली असते, म्हणून हे आधी. नुसतं स्पिरिट पुसून भागत नाही. साबणाने हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे आणि बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचं. तिथे दुखतंही कमी.

मधुमेहात माणूस गोळ्यांपेक्षा आकड्याने जास्त थकतो, असं माझं ठाम मत आहे. आला-गेला प्रत्येक जण "किती आली?" विचारतो आणि जरा जास्त निघाली की "काय खाल्लं होतं?" जणू चोरीच पकडली! अहो, रात्रीची अपुरी झोप, ताप, घरातलं भांडण, दुपारभर पाणी न पिणं, यानेही साखर चढते. एका सुट्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा, असं तीन-चार दिवस एकाच जेवणाचं मोजा आणि शेजारी काय खाल्लं ते लिहा. एक दिवस पूर्ण प्लेट तर्री पोहे, दुसऱ्या दिवशी अर्धी प्लेट पोहे आणि तर्रीतले चणे जास्त. फरक तुमच्याच वहीत दिसेल. स्वतः शोधलेलं पथ्य टिकतं, कुणी लादलेलं टिकत नाही.

घरच्यांसाठी एक गोष्ट. इन्सुलिन किंवा साखर फार खाली नेऊ शकणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा माणूस जेवणाआधी अचानक चिडला, घामेजला, हात थरथरले, तर वाद घालू नका, साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. तरीही कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. मीटर हाताशी नसेल तर साखर आधी द्या. संत्रा बर्फी इथे कामाची नाही, त्यातल्या तुपा-खव्यामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन.

आणि दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, "मरू दे ते पथ्य" असं रोज वाटत असेल, तर तो आळस समजू नका. मधुमेहासोबत नैराश्य येऊ शकतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना साखरेच्या आकड्यांसोबत हेही सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं हवं आणि सलग दोन दिवस खाडा नको. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दिवसा बाहेर पडण्याचा हट्ट कशाला? पहाटे साडेपाचला अंबाझरी तलावाला चक्कर मारा. तेही जमलं नाही तर प्रत्येक जेवणानंतर घरातच १० मिनिटं चाला, जेवणानंतरची साखर त्याने नक्की उतरते. इन्सुलिन घेत असाल तर निघण्याआधी तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खा. मांडीत इंजेक्शन घेऊन लगेच चालायला जाऊ नका, औषध लवकर शोषलं जातं आणि साखर धाडकन उतरू शकते. लघवीवाटे साखर काढणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल, तर उन्हाळ्यात पाणी किती प्यायचं आणि उलट्या-जुलाब लागले तर गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

पायांना बधिरपणा असेल तर टेकडी गणपतीला दुपारच्या दर्शनाला जाताना जाड मोजे घाला. तापलेल्या फरशीचा चटका कळतच नाही, घरी आल्यावर फोड दिसतो. रोज रात्री तळवे आरशात बघा.

इन्सुलिन स्कूटीच्या डिक्कीत कधीच नको. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, पण फ्रीजरला चिकटून नाही. एकदा गोठली की ती फेकायचीच. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात छोटं मडकं ठेवा, कुपी प्लॅस्टिकच्या डबीत घालून आत ठेवा, वर ओलं फडकं झाका आणि सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडा. पाणी उडून जाताना मडकं थंड होतं, म्हणून कोरड्या मे महिन्यात ते छान चालतं. जुलैच्या दमट हवेत तेवढा गारवा मिळत नाही, तेव्हा शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये एका डबीपुरती जागा मागा.