हसू कोणाच्या जिवावर? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय ताई,

मराठी विनोदी मालिकांत अहिराणी ही खान्देशातली बोली फक्त हशापुरती येते, या माझ्या लेखावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. आपला आक्षेप असा की, कौटुंबिक विनोदी मालिका आजीपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना एकत्र बसून पाहता येते, तिच्यात शिवीगाळ नाही की अंगविक्षेप नाहीत, एवढे संस्कार पुरेसे असताना मी त्यात अहिराणीचा आणि खान्देशाचा हिशेब का मांडावा? 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये तरी खान्देशी माणूस कुठे होता?

नव्हता, आणि त्याची मला तक्रारही नाही. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या सदरातून आलेली ही मालिका २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली, तेव्हा जळगाव-धुळ्याकडच्या घरांनीही ती आपलीच मानली. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका एकमेकांच्याच खोड्यांवर हसत. हशा मिळवण्यासाठी बाहेरच्या कोणाला कमी लेखण्याची गरज त्या लेखनाला पडत नसे. २००८ पासून चालू असलेल्या 'तारक मेहता का उल्टा चष्मा'मधल्या भिडे मास्तरांचेच पाहा. त्यांच्या काटकसरीवर आपण हसतो, पण ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, शिकवण्या घेतात, त्यांच्या पत्नी माधवी लोणची-पापड करून विकतात, आणि जेठालालशी ते बरोबरीने भांडतात.

माझा आक्षेप आहे तो बोली फक्त दाराबाहेरच्या माणसाच्या तोंडी घालण्याला. रखवालदार किंवा गावाकडून आलेला भोळा पाहुणा 'काय करी ऱ्हायना भो?' म्हणतो, हशा होतो आणि त्याचे काम संपते. त्या माणसाला घर नाही, मत नाही, रागावण्याचा हक्क नाही. आमच्या शेजारची एक शाळकरी मुलगी मैत्रिणी घरी आल्या की आईला हळूच सांगते, 'आता नीट बोल.' याला एकटी मालिका जबाबदार आहे असे मी म्हणणार नाही. शाळा आणि नोकरीच्या बाजाराचा वाटा कदाचित मोठाच असेल. पण ज्या करमणुकीला आपण संस्कारक्षम म्हणतो, तिने त्या मुलीची लाज वाढवली तर त्या करमणुकीच्या स्वच्छतेचे कौतुक मला अपुरे वाटते.

आखाजीचाच, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेचाच, मालिकेतला एक भाग कल्पून पाहा. माहेरी आलेली लेक झोक्यावर बसून सासरची उणीदुणी गाण्यात गुंफते आहे. आई तळहातांवर पुरणाची पोळी वाढवत, हात भाजत असतानाही ती तापल्या खापरावर, म्हणजे मातीच्या उपड्या भांड्यावर, अचूक टाकते, आणि त्याच वेळी जावयाच्या मोठेपणावर अहिराणीत असा शेरा मारते की सगळे स्वयंपाकघर हसते. इथे विनोद तिने केलेला आहे, तिच्यावर झालेला नाही.

आपण विचारता, अशी भाषा मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला कळेल का? यूट्यूबवरच्या खान्देशी विनोदाला मिळणारा मोठा प्रेक्षक पाहता ही भीती मला फारशी पटत नाही. शिवाय पूर्ण मालिका अहिराणीत असावी, असे माझे मागणे नाहीच. मराठी मालिकेतल्या एखाद्या कुटुंबातली आई आमच्याकडची असावी, तिची बोली तिच्या घरातल्यांनी सहज ऐकावी, आणि कधी तिचे चुकलेच तर ते चुकणेही तिच्या स्वभावातून यावे, बोलीतून नव्हे.

आपला नम्र